घोडा कोणत्या टायमाले येते?

मी सिनेमाच्या धंद्यात होतो असं सांगितलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला, "म्हणजे सगळे सिनेमे फुकट पाहिले असतील!" अहो, कुठले! हलवायाच्या घरात पेढ्याचं जेवढं कौतुक, तेवढंच मला सिनेमाचं. मी पडद्याकडे पाठ करून बसायचो आणि समोरच्या लोकांची तोंडं पाहायचो. तोच माझा सिनेमा, आणि पडद्यावरच्यापेक्षा तो पुष्कळदा बरा असायचा.

मी टुरिंग टॉकीजमध्ये भोंग्यावर होतो. आजच्या वाचकाला हे उलगडून सांगायला हवं. एकोणीसशे पन्नासनंतरचा तो काळ. चंद्रपूरला तेव्हा चांदाच म्हणत आणि गडचिरोली ही त्याच जिल्ह्यातली तहसील होती. धान घरात आलं की आमचा तंबू निघायचा. पोंभुर्णा, मूल, ब्रह्मपुरी, आरमोरी आणि मधली बाजाराची गावं. तंबू, पडदा, मशीन, तेलावर चालणारं इंजिन आणि फिल्मच्या पेट्या, सगळं बैलगाड्यांवर. गावात वीज नसायची. अंधार पडला की इंजिन भकभक करायला लागायचं आणि त्या आवाजावरच अर्धं गाव गोळा व्हायचं. मध्ये कनात, तिच्या एका अंगाला बाया, दुसऱ्या अंगाला माणसं. मशीन एकच, त्यामुळे एक रीळ संपलं की दुसरं चढवेपर्यंत दिवा लावायचा. तेवढ्यात शेंगदाणे, विड्या आणि पोरांचं लघवीला जाणं उरकून घ्यायचं.

फिल्म आमच्याकडे यायची ती नागपूर-वर्धा फिरून, पार म्हातारी होऊन. ती मध्येच तुटायची. ऑपरेटर तुटलेली टोकं खरवडून चिकटवायचा आणि दर जोडाला बोटभर फिल्म जायची. म्हणून आमच्या तंबूत नायक दारात उभा असायचा तो एकदम खाटेवर दिसायचा. लोक तेवढं चालवून घेत. पण आमच्या आधी येऊन गेलेल्या एका कंपनीनं तेल वाचवायला अख्खी रिळं गाळली होती. तेव्हापासून त्या भागात "फिल्म कापली" हा शब्द उठला की कंपनीच्या तोंडचं पाणी पळायचं. असं नाव एकदा पडलं की खुंटे उपटायचे आणि चालू लागायचं, पुढच्या दहा गावांतसुद्धा कोणी उभं करत नसे.

माझं काम तीन प्रकारचं. दिवसा पत्र्याचा भोंगा तोंडाला लावून गावोगाव ओरडायचं. संध्याकाळी दारावर उभं राहायचं. आणि तिसरं काम माझं मलाच आवडायचं. दुसऱ्या दिवशी बाजारात हिंडून लोकांना विचारायचं, काल कसं काय वाटलं? आमचे मालक गुलाबराव त्यावरून पुढची पेटी कोणती मागवायची ते ठरवत. गुलाबराव माणूस भला, पण त्यांचा स्वतःच्या आवडीवर काडीचा विश्वास नव्हता.

आणि काय एकेक मतं ऐकायला मिळत! मारामारीच्या सिनेमावर चारोळी विकणारी एक बाई म्हणाली, "दहा जणायशी भांडला, पण भांग नाई मोडला त्याचा. कोणतं तेल लावते थो?" जंगलातल्या गावचा एक गोंड म्हातारा पूर्ण सिनेमा मुकाट पाहून गेला होता. फार खोदून विचारल्यावर म्हणाला, "जंगल खोटं हाय. एकबी पाखरू नाई बोललं." मी रात्री मुद्दाम कान देऊन ऐकलं. खरंच की, सगळी झाडी नुसती मुकी उभी होती. त्या दिवसापासून मला कुठल्याच सिनेमातलं जंगल पटेना. म्हाताऱ्यानं माझं वाटोळं केलं म्हणा ना.

पण सगळ्यांत वेगळं गिऱ्हाईक म्हणजे देवाजी. पोंभुर्ण्याकडच्या एका बाजारगावचा ढोरकी. ढोरकी म्हणजे गावाची गुरं राखणारा. सकाळी गावाबाहेर आखरावर सगळ्यांची ढोरं जमायची, ती घेऊन हा जंगलात जायचा आणि दिवस मावळता परत आणायचा. उंच, हाडकुळा, डोक्याला मळकट फडकं. सिनेमाचं त्याला वेड वगैरे काही नव्हतं. लहर आली तर यायचा. मात्र आला की दुसऱ्या दिवशी माझी वाट पाहायचा, कारण त्यालाही माझ्याइतकेच प्रश्न पडायचे.

आमच्याकडे दहा मिनिटांची एक रंगीत फिल्म होती, हातानं काढलेल्या चित्रांची. कुठल्यातरी पेटीत चुकून आली आणि कोणी परत मागितली नाही, म्हणून आम्ही ती वर्षानुवर्षं मुख्य सिनेमाच्या आधी लावायचो. त्यात एक गाढव कड्यावरून पडतं, पापडासारखं चपटं होतं, अंग झटकतं आणि पुन्हा चालायला लागतं. शहरातले लोक म्हणत, हे लेकरांचं. देवाजी म्हणाला, "सगळ्यात चांगला शिनेमा थो हाय. त्याच्यात कोणाचं ढोर मरत नाई." मग जवळ सरकून, "भोंगेवाले भाऊ, हे कोण्या एका माणसानं बसून काढलं का जी? त्याच्या घरी ढोरं असतीन का?" मला काय ठाऊक! मी म्हटलं, असतील बुवा. तो खूश झाला.

हसण्याच्या सिनेमावर त्याचं मत फारसं बरं नव्हतं. एक जाडा आणि एक लुकडा, एकमेकांना पाडताहेत, धुताहेत, सगळा तंबू पोट धरून हसतोय. देवाजी पहिल्यांदा हसला आणि मग थांबला. मी विचारलं, "काऊन गा, मजा नाही आली?" म्हणाला, "पयल्यांदा पडला तवा हासू आलं. मंग मले समजलं, का पडाचेच पैसे भेटून राह्यले त्याले. मजुरी करणाऱ्याले पाहून का हासाचं?"

एका वर्षी देवाजीच्या गावात आम्ही मारधाडीचा एक सिनेमा लावला. नायक, त्याचा पांढरा घोडा, दुष्ट सरदार, तलवारी. तिसऱ्या रिळात पाठलाग होतो. घोडा दरीत कोसळतो. नायक एका फांदीला धरून वाचतो, आणि पुढच्याच चित्रात बागेत नायिकेबरोबर गाणं म्हणताना दिसतो. शेवटी सरदार मरतो आणि लग्न होतं. घोड्याचं पुन्हा नाव नाही. मी हा सिनेमा कितीतरी गावांत दाखवला होता आणि त्या घोड्याचा विचार एकदाही माझ्या मनात आला नव्हता.

पहिल्या खेळाच्या दुसऱ्या दिवशी देवाजी आखरावरच भेटला. ढोरं सोडायच्या आधी मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "भाऊ, घोड्याचं काय झालं?"

"कोणत्या घोड्याचं?"

"दरीत पडला नं थो. मेला का जिता हाय? पाह्याले तं कोणी गेलंच नाई. आन् हा बेशरम गाणे म्हणून राह्यला!"

मी हसलो. तो हसला नाही. त्यानं मला त्यांच्यातली रीत सांगितली. संध्याकाळी ढोरं मोजताना एक जरी कमी निघालं, तरी ढोरक्यानं घरी जेवायला बसायचं नाही. कंदील घेऊन परत जायचं. ढोर जितं सापडलं तर आणायचं, वाघानं मारलं असेल तर गळ्यातली घंटी आणून मालकाच्या हातात द्यायची. मग जेवायचं. "आन् हा तं लगनाचं जेवण जेवला," देवाजी म्हणाला. खरं सांगतो, मला त्या नायकाची लाज वाटायला लागली. आजही नातवाच्या शेजारी बसून टीव्हीवर मारधाडीचा सिनेमा पाहतो, तेव्हा मोटारी उडतात, दुकानं पेटतात, आणि माझ्या तोंडून निघून जातं, "अरे, ते दुकान कोणाचं होतं?" नातू म्हणतो, आजोबा, गप्प बसा ना.

ही घंटीची गोष्ट देवाजीनं उगाच काढली नव्हती, हे मला बाजारात कळलं. पोळ्यानंतर गावच्या पाटलाचा तांबडा बैल जंगलातून आलाच नव्हता. देवाजीनं तीन-चार दिवस नाले धुंडाळले. फरफटल्याच्या खुणा बांबूच्या रांजीत, म्हणजे बेटात, शिरलेल्या दिसल्या, पण बैलाचं हाड सापडलं नाही आणि घंटीही नाही. त्यानं येऊन सांगितलं, वाघानं नेला. ढोरक्याचा सगळा धंदाच त्याच्या शब्दावर चालतो. जंगलात काय झालं ते पाहायला दुसरं असतं कोण? पाटलानं तोंडावर काही म्हटलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून आपली ढोरं आखरावर पाठवणं बंद केलं. लोक कुजबुजायला लागले, की बैल वाघानं नेला का कोण्या खाटकानं? गावाचा ढोरकी अक्षय तृतीयेला नव्यानं ठरायचा. पाटलाची ढोरं तोवर परतली नाहीत तर बाकीचेही फिरणार आणि देवाजीच्या हातची काठी जाणार, हे गावात जो तो सांगत होता.

तिसऱ्या दिवशी सिनेमा जुना झालेला असतो. गर्दी ओसरते आणि आम्ही पेटी बदलतो. पण त्या तिसऱ्या दिवशी ऊन उतरायच्या आतच गाड्या यायला लागल्या. आजूबाजूच्या चार गावांहून, बायापोरांसकट, भाकरी बांधून. गुलाबराव हात चोळत म्हणाले, "भोंगा बरा चालवलास रे!" मी चकितच झालो, कारण त्या गावांकडे मी फिरकलोही नव्हतो. दारावर एका माणसानं विचारलं, "घोडा कोणत्या टायमाले येते?" मी म्हटलं, "सुरुवातीपासूनच आहे." त्याच्या मागच्यानं तेच विचारलं. मग एका म्हातारीनं. "घोडा येऊन जाईन तं नाई नं आमी बसेपर्यंत?" अरे, हे काय गौडबंगाल? माझं कुतूहल जागं झालं. एका पोरगेल्या ढोरक्याला बाजूला घेतलं तेव्हा उलगडा झाला.

दुपारी चार गावांचे ढोरकी एकाच पाणवठ्यावर ढोरं बसवतात. तिथं देवाजीनं सिनेमा सांगितला होता. आणि त्याच्या सांगण्यात घोडा परत येत होता! लंगडत, लग्नाच्या मांडवात, सगळ्यांच्या देखत. ढोरक्यांनी तो आपापल्या गावी नेला, आणि चार गावं आज घोड्याचं येणं पाहायला आली होती.

खेळ सुरू झाला. घोडा दरीत पडला तेव्हा बायांच्या बाजूनं "अगं माय!" असा आवाज उठला, पण घाबरा नव्हता, कारण पुढचं सगळ्यांना माहीत होतं. गाण्यात कोणाचं लक्ष नव्हतं. सरदार मेला, कोणी टाळी वाजवली नाही. लग्नाचा मांडव दिसला आणि सगळा तंबू गुडघ्यावर उठला. नायकानं हार घातला. नायिकेनं घातला. आणि पडदा पांढरा झाला.

मग कोणीतरी ओरडलं, "घोडा कुठी हाय?" आणि मग चारी बाजूंनी, "घोडा दाखवा! फिल्म कापली! चोर हाय लेकाचे, फिल्म कापली!" माणसं मशीनकडे सरकायला लागली. ऑपरेटर पेट्यांवर आडवा पडला. गुलाबराव धावत माझ्याकडे आले, चेहरा पांढराफटक. "भोंगा घे आणि सांग, की फिल्म पुरी आहे. घोडा येतच नाही. ज्यानं सांगितलं तो खोटं बोलला म्हणावं. लवकर सांग, नाहीतर आज तंबू राहत नाही!"

मी भोंगा उचलला. तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या खुर्चीवरून पाटील उठले, आणि त्यांना पाहून लोक जरा दबले. त्यांनी मला विचारलं, "खरं सांगा भोंगेवाले, घोडा होता का नव्हता?" विचारलं मला, पण पाहत होते मागे, कनातीच्या खांबाशी उभ्या असलेल्या देवाजीकडे.

इकडे आड, तिकडे विहीर. घोडा नव्हता म्हणावं तर देवाजी चार गावांदेखत खोटारडा ठरतो, आणि त्याच्याबरोबर तांबड्या बैलाचंही खोटंच ठरतं. घोडा होता म्हणावं तर आम्ही कापू कंपनी, आणि गुलाबरावांचा तंबू कायमचा बसला. भोंगा मी तोंडाशी नेला आणि पुन्हा खाली घेतला. मी काय बोललो असतो, हे मला अजूनही सांगता येत नाही.

"नव्हता," मागून आवाज आला. देवाजी पुढे येत होता. लोक बाजूला झाले. "कंपनीवाल्यायनं काई नाई कापलं. घोडा त्यायच्या शिनेमात नाई येत. थो म्या आणला."

पाटील थंड आवाजात म्हणाले, "मंग चार गावाले खोटं सांगतलं तू. घोड्याचं खोटं सांगतलं, तं माया बैल वाघानं नेला थे मी काऊन खरं मानू?"

देवाजीनं डोक्याचं फडकं काढून हातात घेतलं.

"पाटील, घोडा दरीत पडून राह्यला आन् त्याचा मालक जेवाले बसला, असं म्या ढोरक्यायले कसं सांगू? मले लाज वाटली. सांगून जे वापस येते, थे म्या आणलं. तुमचा तांबडा सांगून वापस येत नाई, पाटील. येत असता तं मी पयले त्याच्यासाठी खोटं बोललो असतो. म्या त्याले वासरू होता तवापासून राखलं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, लपवण्यासारखं काही नाही त्यात. पाटील उभेच राहिले. गुलाबरावांनी माझ्या दंडाला धरलं होतं, ते सोडायचं विसरले.

आणि मग कनातीपलीकडून, बायांच्या बाजूनं, एक खणखणीत म्हातारा आवाज आला. पाटलाची आई होती ती. "थे समदं ठीक हाय गा देवाजी. पण घोडा आला कसा, थे तं सांग! आमी का उगीच बसलो इथी?"

आधी एकजण हसला, मग सगळा तंबू हसला. "सांग गा, सांग!" लोक पुन्हा खाली बसले. मी देवाजीपुढे भोंगा धरला, तर त्यानं तो हातानं बाजूला सारला. पांढऱ्या पडद्यासमोर, दिव्याच्या उजेडात तो उभा राहिला आणि पाणवठ्यावर सांगितला होता तसा घोडा आणू लागला. घोडा दरीत पडला तो बांबूच्या रांजीवर, म्हणून वाचला. एक पाय मोडला. झऱ्याचं पाणी पीत, पाला खात दिवस काढले. मग वाट हुंगत निघाला. इकडे लग्नाची पंगत बसलेली. नवरदेवानं पहिला घास उचलला, आणि तोंडाशी नेणार तोच लांबून टापांचा आवाज आला, तीन टापांचा, चौथी नाही. नवरदेवानं घास पानात ठेवला आणि उठला. "उठलाच पायजे नं," देवाजी म्हणाला, "थो माणूस वाईट नव्हता, भुलला होता." एक माणूस जागचा हलला नाही. मी गुलाबरावांकडे पाहिलं. एरवी खेळ संपल्यावर क्षणभर जास्त इंजिन चालू ठेवलं तर शिव्या देणारा हा माणूस जमिनीवर मांडी घालून ऐकत बसला होता.

तंबू वाचला, हे मी तेव्हाच ओळखलं. पण देवाजीचं काय? मला झोप लागली नाही. पहाट झाली तसा उठलो आणि थेट आखरावर गेलो. धुकं होतं. ढोरं एकेक करून येत होती, देवाजी नेहमीसारखा काठीला टेकून मोजत उभा होता. त्यानं मला पाहिलं. दोघंही एकाच वाटेकडे पाहत होतो. गावची बाकी सगळी ढोरं आली. देवाजीनं हाकारायला काठी उचलली.

तेवढ्यात घंट्या ऐकू आल्या. पाटलाच्या गाई होत्या, तांबड्याचा जोडीदारही होता. आणि त्यांच्या मागे गडी नव्हता, स्वतः पाटील होते, खांद्यावर घोंगडी टाकलेली. ढोरं कळपात मिसळली. पाटील देवाजीपाशी येऊन थांबले. मला वाटलं, आता कालचं काही काढतील.

"देवाजी," ते म्हणाले, "तुया घोड्याले पाणी पाजलं का?"

देवाजीनं त्यांच्याकडे पाहिलं. "पाजलं, पाटील."

"मंग यायलेबी पाज," पाटील म्हणाले, आणि घोंगडी सावरत घराकडे वळले.